रामघाटावरची वही आणि संगणकाची स्मृती

उज्जैनच्या राम घाटावर क्षिप्रेकडे तोंड करून बसलेल्या एका वृद्ध तीर्थपुरोहितांनी गेल्या मार्गशीर्षात मला संगणकाची रॅम कशी चालते ते समजावून दिले. त्यांना स्वतःला ह्याची कल्पना नाही. ‘रॅम’ हा शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारला असता, तर त्यांनी बहुधा तो दुरुस्त करून माझ्याकडून शुद्ध ‘राम’ म्हणवून घेतला असता.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शिक्षण सातवी-आठवीपर्यंतच काय, दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. संगणकाचे शास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही. तेव्हा विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी ह्या लेखातील उपमा सांभाळून घ्याव्यात. मात्र यातील आकडे मी दोनदा तपासले आहेत, कारण प्रस्तुत विषयच न तपासलेल्या आकड्यांचा आहे.

माझे मामा नोकरीनिमित्त उज्जैनला गेले आणि तिथलेच झाले. तिथे मराठी माणसाला फारसे परके वाटत नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरजवळ लष्करला हलवीपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती, आणि महाकालाचे आजचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलेले आहे. आजोबांचे श्राद्ध घाटावर करावे असे आईच्या मनात होते, म्हणून आम्ही बेळगावहून गेलो. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या कुळांच्या वह्या असतात. लांबट, जाड, तांबड्या फडक्यात बांधलेल्या. कोण कधी आले, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कशासाठी आले, हे सारे त्यात उतरलेले असते.

गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारले. मग ते उठले, पेटी उघडली, आमच्या भागाची वही काढली, गाठ सोडली, चौरंगावर पसरली आणि पानावरून बोट फिरवू लागले. मामांना घाई होती. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली. “गुरुजी, जरा लवकर बघा,” असे ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताच गुरुजींनी पान पुरते उलगडण्याआधीच नाव वाचले, आणि मामांनी हात जोडले. आई मागून म्हणाली, “अरे, हे आपले आजोबा नव्हेत. हे नाव आपल्या घरात कोणाचेच नाही.” पान सरळ केल्यावर कळले, की दुमडलेल्या कडेमुळे खालच्या ओळीतील, शेजारच्या गावच्या कुटुंबाचे नाव वाचले गेले होते. आमची ओळ वर होती. पणजोबांची मोडीतील सही तिथे होती. आईने लक्ष दिले नसते तर श्राद्ध यथासांग पार पडले असते, फक्त दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने. गुरुजी रागावले नाहीत. मामांकडे बघून इतकेच म्हणाले, “वहीला तिचा वेळ द्यावा लागतो.”

त्याच संध्याकाळी हे वाक्य मला पुन्हा आठवायचे होते.

माझ्या मामेभावाचे, दादाचे, घाटाच्या वरच्या गल्लीत एक छोटे दुकान आहे. लग्नाचे अल्बम, पत्रिका, यात्रेकरूंची छायाचित्रे अशी कामे तो करतो, आणि जोडीला आसपासच्या आठ-दहा पूजासाहित्य विक्रेत्यांचे हिशेबही संगणकावर लिहून देतो. घाटावरची आरती आटोपून मी दुकानात गेलो तेव्हा दादा कपाळाला हात लावून बसला होता. एका अगरबत्तीवाल्याच्या खरेदीची यादी पुरवठादाराच्या विवरणाशी जुळेना. फरक बरोबर ४,००० रुपयांचा. दुकानदाराचे म्हणणे, तुझ्या हाताखालच्या पोराने चुकीचे टंकलेखन केले. पोरगा शपथेवर सांगत होता की मी बरोबर लिहिले.

वाणिज्यच्या विद्यार्थ्याला तेरीज जुळेनाशी झाली की काय करायचे ते पहिल्या वर्षीच शिकवतात. फरकाला ९ ने भाग जातो का पाहा. जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. फरकाची निम्मी रक्कम कुठे दिसते का पाहा. दिसल्यास ती नोंद चुकीच्या बाजूस गेली असावी. ४,००० ला ९ ने भाग जात नाही. २,००० ची नोंद कुठे नव्हती. शेवटी मागच्या आठवड्यात छापलेली यादी काढून ओळीओळीने ताडून पाहिली. छापील कागदावर १,२४० होते. संगणकावर त्याच ओळीत ५,२४० होते. मधल्या काळात त्या नोंदीला कोणी हात लावलेला नव्हता. फाइल फक्त उघडली होती, तिच्या शेवटी नवीन नोंदी घातल्या होत्या आणि ती पुन्हा साठवली होती.

एवढ्यावरून संगणकावर आळ घ्यावा असे नाही. पण दादाने आणखी एक गोष्ट सांगितली. महिन्याभरात दोनदा त्याने अल्बमची दाबून बांधलेली फाइल, म्हणजे आपण झिप म्हणतो ती, दुसऱ्या चकतीवर नकलून ठेवली आणि ती उघडताना ‘फाइल सदोष आहे’ असा संदेश आला. चकती जुनी असेल म्हणून त्याने सोडून दिले. मी विचारले, “दादा, मशीनमध्ये काही बदल केला होतास का?” तेव्हा तो जरा ओशाळून म्हणाला, “रॅम जरा पळवली आहे. एका मित्राने सांगितले, फुकटात वेग मिळतो.”

रॅम पळवणे म्हणजे काय हे कळण्यासाठी पुन्हा घाटावर जावे लागेल.

संगणकाच्या रॅममध्ये प्रत्येक बिट, म्हणजे एक किंवा शून्य, हा विजेच्या एका इवल्याशा भाराच्या रूपाने असतो. भार आहे तर एक, नाही तर शून्य. प्रत्येक भारासाठी एक कुपी आणि तिच्या तोंडाशी ट्रान्झिस्टरची एक झडप, ही कल्पना आय.बी.एम.चे रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले, आणि १९७० साली इंटेलने ११०३ नावाची रॅमची चिप बाजारात आणली. आजची रॅम आकाराने कितीही बदलली तरी त्याच तत्त्वावर चालते. ह्या कुप्या वहीप्रमाणेच आडव्या ओळी आणि उभे रकाने अशा मांडलेल्या असतात. आता गंमत अशी, की थेट एक रकाना वाचता येत नाही. आधी संपूर्ण ओळ उघडावी लागते. ओळ उघडली की तिच्यातील सगळ्या कुप्यांतील भार बाहेर येतो. तो इतका क्षीण असतो की त्याला वाढवून एक की शून्य हे ठरवणारी यंत्रणा शेजारीच ठेवलेली असते. ह्या वाचनात कुप्या रिकाम्या होतात, म्हणून ठरलेली किंमत त्यांत पुन्हा भरावीही लागते. ते झाल्यावरच ओळ मिटता येते, आणि ही मिटल्याशिवाय त्याच भागातील दुसरी ओळ उघडता येत नाही.

गुरुजींनी केले तेच हे. पेटीतून वही काढून पसरेपर्यंतचा अवकाश, ह्याला रॅमच्या भाषेत टी-आर-सी-डी म्हणतात: ओळ उघडण्याचा हुकूम दिल्यापासून रकाना मागण्यापर्यंत थांबावयाचा काळ. पसरलेल्या पानावर बोट फिरवून नाव सापडेपर्यंतचा अवकाश म्हणजे सी-एल. वही मिटून, गाठ मारून पेटीत ठेवण्याचा अवकाश टी-आर-पी. आणि वही किमान किती वेळ उघडी राहिलीच पाहिजे, म्हणजे कुप्या पुन्हा पुरत्या भरतील, तो टी-आर-ए-एस. रॅमच्या पाकिटावर १६-१८-१८-३८ असे चार आकडे छापलेले असतात ते अनुक्रमे सी-एल, टी-आर-सी-डी, टी-आर-पी आणि टी-आर-ए-एस. हे सेकंद नव्हेत, घड्याळाचे ठोके आहेत. आमचे कानडी मित्र ज्याला ‘स्वल्प तडीरि’ म्हणतात, तेच संगणकाने किती ठोके म्हणायचे, याचा हा करार.

वहीला आणखी एक खोड असते, शाई फिकी होते. कुप्यांतील भारही गळतो. म्हणून सामान्य तापमानात डीडीआर४ जातीच्या रॅममधील प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा उघडून पुन्हा भरावी लागते. त्यासाठी साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी ताजेतवाने करण्याचा हुकूम सुटतो. चिप ८५ अंशांहून अधिक तापली तर गळती वाढते, आणि हे काम दुप्पट वेळा करावे लागते. माळव्यातल्या मे महिन्याचा विचार करता ही बाब विसरता येत नाही.

ठोक्याची लांबी किती, हे सांगण्यास उज्जैनइतके योग्य ठिकाण नाही. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेषा ह्याच नगरीवरून धरीत, आणि सवाई जयसिंगांची वेधशाळा आजही क्षिप्रेपासून फार दूर नाही. घटिकेचा साठावा भाग पळ, पळाचा साठावा भाग विपळ. विपळ म्हणजे ०.४ सेकंद. डीडीआर४-३२०० ह्या रॅमचे घड्याळ सेकंदाला १६० कोटी ठोके देते, म्हणजे एका विपळात ६४ कोटी. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा.

येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. सी-एलचा आकडा लहान म्हणजे रॅम जलद, असे सरसकट म्हणता येत नाही. नुसता व्याजाचा दर सांगून व्याज किती ते कळत नाही, मुदतही लागते, तसेच हे. ३२०० च्या रॅमला सी-एल १६ असेल तर १६ गुणिले ०.६२५, म्हणजे १० नॅनोसेकंद. २६६६ च्या रॅमला सी-एल १९ असेल तर ठोका ०.७५ चा, म्हणून १४.२५ नॅनोसेकंद. नव्या डीडीआर५-६००० ला सी-एल ३० असते. आकडा जवळजवळ दुप्पट, पण ठोका एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा, म्हणून पुन्हा १० नॅनोसेकंदच. कुपीतला भार ओळखायला निसर्गतः जो वेळ लागतो तो फारसा कमी झालेला नाही. फक्त तो मोजण्याची एकके बदलली.

दादाने काय केले होते? त्याची रॅम ३२०० ची, १६-१८-१८-३८ ची. मित्राच्या सल्ल्याने त्याने बायोसमध्ये जाऊन वेग ३६०० केला आणि सी-एल १६ च ठेवला. आता ठोका ०.५५६ नॅनोसेकंदांचा झाला, म्हणजे १० नॅनोसेकंदांचे काम ८.९ मध्ये करण्याचा हुकूम. बाकीचे आकडेही त्याच प्रमाणात आखडले. संगणक सुरू झाला. विंडोज उघडले. अल्बमचे काम थोडे लवकर होऊ लागले. दादाच्या दृष्टीने परीक्षा पास.

पण मामांच्या घाईने गुरुजी थांबले नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांनी वाचले, आणि आत्मविश्वासाने वाचले. अपुरा वेळ मिळालेली रॅम ‘मला जमत नाही’ असे सांगत नाही. भार पुरता ओळखला जाण्याआधीच ती एक किंवा शून्य सांगून मोकळी होते. बहुतेक वेळा बरोबर सांगते. कोट्यवधी वाचनांत एखादे चुकते. ते चुकलेले बिट एखाद्या छायाचित्रातील ठिपक्यात पडले तर कोणाच्या बापाला कळत नाही. प्रणालीच्या एखाद्या मर्मस्थानी पडले तर निळा पडदा येतो, आणि तो आला तर नशीब म्हणायचे, कारण निदान बिघाड कळतो. झिप फाइलमध्ये पडले तर ती उघडत नाही, कारण तिच्यात पडताळ्याची बेरीज आधीच लिहून ठेवलेली असते. साध्या यादीत पडले तर आकडा बदलतो आणि बदललेला आकडाही आकड्यासारखाच दिसतो.

१,२४० चे ५,२४० कसे होते ते पाहण्यासारखे आहे. अक्षररूपात साठवलेल्या अंकांच्या संकेतात शेवटची चार बिटे म्हणजे तो अंकच असतो. १ म्हणजे ०००१, ५ म्हणजे ०१०१. दोहोंत एकाच बिटाचा फरक. एक बिट उलटून १ चे ०, ३, ५ किंवा ९ होऊ शकतात. १ चे ७ होण्यास मात्र दोन बिटे उलटावी लागतात. हस्ताक्षरात १ चे ७ सहज होते, घाईत टंकलेखन करताना १ च्या शेजारचा २ दाबला जातो. यंत्राच्या चुकीची जात वेगळी. मी शपथ घेऊन सांगू शकत नाही की ते ५ रॅमनेच केले. पण ह्या जातीची चूक बोटांनी सहसा होत नाही, एवढे नक्की. पोरगा बिचारा सुटला.

ह्या जातीची जगप्रसिद्ध चूक बेल्जियममधली आहे. १८ मे २००३ रोजी तिथे निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे इलेक्ट्रॉनिक मोजणीत एका उमेदवारास ४,०९६ मते जादा मिळाली. त्या उमेदवारास शक्य होती त्याहून मते अधिक भरली, म्हणूनच ते उघडकीस आले. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात. संख्या शुद्ध द्विमान रूपात साठवलेली असता तेराव्या स्थानचे एकच बिट शून्याचे एक झाले की नेमका एवढाच फरक पडतो. एक बिट आपोआप उलटले असावे, असेच स्पष्टीकरण तज्ज्ञांनी दिले. तिथे कोणी रॅम पळवली नव्हती. निर्दोष रॅममध्येही असे घडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातील किंचित किरणोत्सारी द्रव्यातून निघणारे आल्फा कण बिटे उलटवू शकतात. आणि २००९ साली बियांका श्रोडर आणि गूगलमधील सहकाऱ्यांनी हजारो संगणकांचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला. त्यात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली. मूळची ही अवस्था असता वर आपण तिला पळवायचे म्हणजे, आधीच कर्जात असलेल्याने सट्टा लावण्यासारखे आहे.

त्या रात्री आम्ही पहिली गोष्ट केली ती नकलेची. तीही त्या संगणकावरून नव्हे, कारण आजारी रॅममधून जाणारी नक्कलही आजारीच. चकती काढून मामांच्या घरच्या संगणकाला जोडली, तिथून नक्कल घेतली आणि चकती त्या रात्री परत लावलीच नाही. परीक्षा चालू असता चुकीचा मजकूर चकतीवर लिहिला जाऊ नये, यासाठी हे आवश्यक आहे. कित्येक जण हे करत नाहीत आणि रॅम तपासता तपासता विंडोज बिघडवून बसतात.

मग मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा कार्यक्रम पेनड्राइव्हवर घेतला. ह्या कुळातील मूळ कार्यक्रम ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ साली लिहिला. तो विंडोजशिवाय, थेट पेनड्राइव्हवरून चालतो, म्हणून जवळजवळ सगळी रॅम त्याला तपासण्यास मोकळी मिळते. तो ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचतो, सगळे एक, सगळे शून्य, आळीपाळीने, शेजारच्या घरांवर ताण पडेल अशा रीतीने. दादाच्या चालू मांडणीवर पहिल्या फेरीतच तांबड्या ओळी उमटू लागल्या. काय लिहिले होते आणि काय वाचले गेले हे तो समोरासमोर दाखवतो, आणि पुष्कळ ओळींत फरक एकाच बिटाचा होता. दादा काही बोलला नाही. त्याने त्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले.

पुढचे तीन दिवस माझी सुट्टी त्यातच गेली. आई रागावली, महाकालाची भस्मारती राहिली ती राहिलीच.

प्रथम बायोस मूळ पदावर आणले आणि रात्रभर परीक्षा लावली. हे अत्यंत महत्त्वाचे आहे. मूळ पदावरही चुका येत असतील तर दोष आकड्यांचा नसून पट्टीचा, खाचेचा किंवा वीजपुरवठ्याचा असतो, आणि मग आकड्यांशी खेळत बसण्यात अर्थ नाही. सकाळी पाहिले तो एकही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी एक्स-एम-पी, म्हणजे उत्पादकाने स्वतः पट्टीत लिहून ठेवलेली ३२०० ची मांडणी, चालू केली. एक्स-एम-पी हा इंटेलचा २००७ सालापासूनचा प्रकार, ए.एम.डी.ने २०२२ साली डीडीआर५ साठी एक्स्पो नावाचा आपला प्रकार आणला. उत्पादकानेच दिलेली मांडणी म्हणजे ती सुरक्षितच, असे आम्ही धरून चाललो होतो. मेमटेस्टमध्ये ती निर्दोष ठरलीही. पण तिसऱ्या दिवशी रिकाम्या चकतीवर विंडोज घालून, त्यात प्राइम९५ आणि टेस्टमेम५ हे ताण देणारे कार्यक्रम चालवले तेव्हा तिसऱ्या तासाला एक चूक आली. एकच. मेमटेस्टच्या वेळी प्रोसेसर फारसा तापत नाही. प्रत्यक्ष कामात सगळी पेटी तापते. कारण शोधता असे निघाले, की दादाने एक पट्टी दोन वर्षांपूर्वी घेतली होती आणि दुसरी नंतर. नाव आणि आकडे तेच, पण जोडी एकत्र तपासून विकलेली नव्हती. उत्पादकाची हमी एका पाकिटातील जोडीपुरती असते.

लेखापरीक्षणात आम्ही ‘नगण्य फरक’ नावाची सोय शिकतो. लाखाच्या हिशेबात दहा रुपयांसाठी कोणी ताळेबंद अडवत नाही. रॅमच्या परीक्षेत ही सोय नाही. एक चूक म्हणजे नापास. कारण ती एक चूक दहा रुपयांत पडेल की लाखाच्या स्थानी, हे तिच्या हातात नाही आणि आपल्याही नाही. उलट बाजूने लेखापरीक्षकाची एक सवय इथे जशीच्या तशी लागू पडते. रात्रभर चूक आली नाही याचा अर्थ चूक नाहीच असा होत नाही. ‘वाजवी खात्री’ मिळाली इतकाच होतो. म्हणून परीक्षा एकाच प्रकारची न घेता दोन-तीन जातींची घ्यावी, आणि एक तरी भर दुपारी, पंख्याशिवाय.

शेवटी आकडे सैल केले. वेग ३२०० च ठेवला, पण १६-१८-१८-३८ च्या जागी १८-२०-२०-४२. म्हणजे सी-एलचा काळ १० नॅनोसेकंदांवरून ११.२५ वर गेला. एका वेळी एकच आकडा बदलायचा, वहीत लिहायचा, अर्धा तास चाळणी परीक्षा घ्यायची, मग पुढचा. दोन आकडे एकदम बदलले आणि बिघडले तर दोष कोणाचा हे कळत नाही; तेरजेतील दोन चुका एकमेकींना झाकतात तसे होते. दादाला हा संथपणा असह्य होत होता. मला मात्र, खरे सांगायचे तर, खतावणी लिहिल्याचा आनंद येत होता.

व्होल्टेजला आम्ही हात लावला नाही. डीडीआर४ चे मूळ व्होल्टेज १.२, एक्स-एम-पीमध्ये बहुधा १.३५. आणखी वाढवले तर आखडलेले आकडेही चालून जातात, पण उष्णता वाढते, आणि प्रोसेसरमधील रॅम सांभाळणाऱ्या भागाची व्होल्टेजे वाढवल्यास प्रोसेसरच जायचा. आकडे सैल करण्यात काही जळत नाही. आकडे फार आखडले तर कधी कधी संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी वीज तोडून, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे बायोसची आठवण पुसणारी जोडणी क्षणभर जोडावी, की तो मूळ पदावर येतो. ही जोडणी कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे, नंतर नव्हे. मूळ आकड्यांचे छायाचित्रही आधीच काढावे. आणि हा उद्योग स्वतःच्या संगणकावर करावा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ह्याची परीक्षा पाहू नये, हे मी आमच्या वर्गातील दोघांना उद्देशून लिहीत आहे, ते ओळखतील.

नव्या आकड्यांवर दोन रात्री आणि एक दुपार निर्दोष गेली, तेव्हा चकती परत लावली. मग सहा महिन्यांच्या हिशेबांच्या फाइली छापील कागदांशी ताडण्याचे काम होते. ते मी आणि त्या पोराने मिळून केले. आणखी एक चूक सापडली, कापराच्या खरेदीत, २ चे ६. हीदेखील एका बिटाची. फरक पुन्हा ४ चा, ह्या वेळी दहाच्या स्थानी, म्हणजे ४० रुपये. ४० रुपये कोणाच्या ध्यानात आले नसते. दादाने दोन्ही दुकानदारांकडे स्वतः जाऊन सांगितले. अगरबत्तीवाल्याने ऐकून घेतले, पण यंत्र आपण होऊन आकडा बदलते यावर त्याचा अजून विश्वास नाही. त्याच्या मते दादा पोराला पाठीशी घालतो आहे.

मग मनात प्रश्न आला, की बँका काय करतात? त्याचे उत्तर जुने आहे. बेल लॅबोरेटरीत रिचर्ड हॅमिंग यांच्या गणिती कामात यंत्राला चूक आढळली की ते काम टाकून पुढच्याकडे वळे. सोमवारी येऊन पाहावे तो शनिवार-रविवार फुकट गेलेला. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे आहे हेही का कळू नये, ह्या त्राग्यातून त्यांनी १९५० साली आपला संकेत प्रसिद्ध केला. तेरीज जुळली नाही तर चूक आहे इतकेच कळते, कोणत्या खात्यात ते शोधत बसावे लागते. हॅमिंगच्या संकेतात पडताळ्याची बिटे अशी गुंफलेली असतात की न जुळणाऱ्या पडताळ्यांवरूनच चुकलेल्या बिटाचे स्थान निघते. ई.सी.सी. रॅममध्ये नेहमीच्या पद्धतीनुसार ६४ बिटांमागे ८ जादा बिटे असतात; एक चूक ती आपोआप सुधारते, दोन झाल्यास ओरडते. सर्व्हरमध्ये हीच वापरतात. घरगुती संगणकात बहुधा नसते, आणि सगळे प्रोसेसर व मदरबोर्ड ती चालवीतही नाहीत. डीडीआर५ मध्ये चिपच्या पोटात थोडी दुरुस्तीची सोय आली आहे, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती. चिपमधून प्रोसेसरकडे जाताना तारेवर घोटाळा झाला तर तिला पत्ता नसतो. तेव्हा ‘डीडीआर५ मध्ये ई.सी.सी. असतेच’ असे विक्रेता म्हणाला तर मान डोलावू नये.

वेगाचे म्हणाल तर, १०० पानांचा अल्बम तयार होण्यास पूर्वीपेक्षा दोन-तीन मिनिटे जास्त लागतात, असे दादा सांगतो. तेवढ्या वेळात समोरच्या टपरीवर चहा होतो.

निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा घाटावर गेलो, कारण आमची नावे वहीत लिहायची राहिली होती. ह्या वेळी मामांनी रिक्षा सोडून दिली होती. गुरुजींनी आईचे, मामांचे, दादाचे आणि माझे नाव लिहिले, आणि मला म्हणाले, स्वतःच्या हाताने सही कर. मी वही त्यांच्याकडे सरकवली तसे त्यांनी ती मिटली नाही, शाई वाळेपर्यंत उघडी ठेवून आमच्याशी बेळगावच्या पावसाविषयी बोलत बसले.

उज्जैनला २०१६ नंतरचा सिंहस्थ आता २०२८ साली आहे. छायाचित्रांचे आणि हिशेबांचे काम तेव्हा कितीतरी पटींनी वाढेल म्हणून दादाने नव्या संगणकाचे दरपत्रक मागवले आहे. त्यात रॅमच्या ओळीपुढे मी पेन्सिलीने ‘ई.सी.सी.? मदरबोर्ड चालवतो का ते लेखी विचारणे’ असे लिहून ठेवले आहे. विक्रेत्याचे उत्तर अजून आलेले नाही.